साडी नेसली, मिरवली आणि चार्जबॅक टाकला: लढायचं की सोडून द्यायचं?

जरीकाठ

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज धंद्याचं दुखणं घेऊन आलेय.

नौपाड्यात घरूनच साड्या विकते. छोटी वेबसाइट आहे, इन्स्टा आहे, बाकी ओळखीपाळखीतून चालतं. पैठण्या येवल्याहून येतात, विणकर ठरलेले आहेत. खारघरच्या एका बाईंनी हातमागाची मोरबांगडी पदराची पैठणी घेतली, २१,५०० रुपयांची. क्रेडिट कार्डाने पैसे भरले, ओटीपी वगैरे रीतसर. पार्सल पोचल्यावर "खूप सुंदर आहे हो" असा मेसेजही आला.

पुढे बऱ्याच दिवसांनी पेमेंट गेटवेचा (कार्डाचे पैसे माझ्यापर्यंत पोचवणारी कंपनी) ईमेल. ग्राहकाने बँकेकडे तक्रार केलीय की वस्तू वर्णनाप्रमाणे नाही. रक्कम माझ्या पुढच्या सेटलमेंटमधून कापून घेतली, वर या चार्जबॅकचं, म्हणजे बँकेमार्फत पैसे उलटे खेचण्याचं, शुल्क वेगळं. पुरावे द्यायला आठवडाभर मुदत.

फोन उचलत नाहीत. मेसेजला एकदाच उत्तर आलं, "रंग फोटोत होता तसा नाही, बँकेने पैसे मिळतील म्हणून सांगितलंय." मी लिहिलं, साडी परत द्या, पिकअप मी करते, साडी बघून पैसे देते. वाचलं, गप्प बसल्या. गंमत म्हणजे मधल्या काळात भाचीच्या साखरपुड्याचे फोटो त्यांनीच इन्स्टावर टाकलेत. साडी अंगावर, आणि माझ्या पेजला टॅग!

घरच्यांचं म्हणणं, डोक्याला ताप नको, सोडून दे. मला ते पटत नाही. लढून कुणाला पैसे परत मिळालेत का? आणि पुढे असं होऊ नये म्हणून तुम्ही काय करता?

उकडीचा_मोदक

टॅग केलंय म्हणजे फुकट जाहिरात केली हो तुमची. २१,५०० तिची मॉडेलिंगची फी असेल. (हलके घ्या.)

पण खरंच, लढा. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

ट्रान्सहार्बर

ताई, तुमच्याकडे निदान पैसे एकदा आले तरी होते. आमच्या कोपरखैरण्याच्या खोलीत या, परत आलेल्या पार्सलांवर बसायला देतो.

मोबाइलची कव्हरं, चार्जर, असला माल आहे माझा. निम्म्याहून जास्त ऑर्डरी सीओडी, म्हणजे माल हातात आल्यावर पैसे. लोक एकच वस्तू दोन-तीन ठिकाणी मागवतात, जी आधी येईल ती घेतात, बाकीच्यांना "मी मागवलंच नाही". जाण्याचं भाडं माझं, येण्याचं भाडं माझं, आणि परत आलेल्या डब्याचा कोपरा चेपलेला असतो तेही माझंच. दोनशे रुपयांच्या कव्हरमध्ये हे सगळं कुठून भरून काढायचं? त्यात काही वेळा डिलिव्हरीवाला जिना चढायच्या आधीच "ग्राहकाने नाकारलं" टाकून मोकळा होतो. म्हणजे दोष गिऱ्हाइकाचा की पोराचा हेही कळत नाही.

यावर उपाय एकच सापडला. सीओडीला पन्नास रुपये आगाऊ. ज्याला खरंच घ्यायचंय तो देतो, टवाळ गळून पडतात. ऑर्डरी कमी झाल्या, डोकेदुखी त्याहून जास्त कमी झाली.

निर्मळ_ग्राहक

जरा उलट्या बाजूनेही बोलू द्या, नाहीतर हा धागा म्हणजे विक्रेत्यांचं हळदीकुंकू होईल.

गेल्या वर्षी एका इन्स्टा पेजवरून सेमी पैठणी घेतली (तुमचं पेज नव्हे, जरीकाठ). फोटोत गर्द वांगी रंग, हातात आली ती फिक्कट जांभळी, काठाचे धागे सुटलेले. त्या बाईंचं एकच पालुपद, "आमच्याकडे नो रिटर्न नो एक्स्चेंज, पेजवर लिहिलंय." मग मी काय करायचं? बँकेकडे गेले, पैसे मिळाले. त्यांच्या लेखी मीही ठगच असणार.

चार्जबॅक ही ग्राहकाची शेवटची खिडकी आहे. ती लोक वापरतात याचा राग येण्याआधी आपण पुढचं दार किती वेळा बंद केलं हेही बघा. ई-कॉमर्सचे २०२० चे नियम वाचा. वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला परत घ्यायला नकार देता येत नाही.

उकडीचा_मोदक

निर्मळ ताईंना मोदक. "विक्रेत्यांचं हळदीकुंकू" आवडलं. वाण म्हणून रिकामं पार्सल.

जरीकाठ

निर्मळ_ग्राहक, तुमचं चुकीचं नाही. रंगाचं म्हणाल तर पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या असला की धूपछाँव येते, ट्यूबलाइटखाली वेगळी आणि गच्चीत वेगळी दिसते. म्हणून मी दिवसाच्या उजेडातला व्हिडिओ पाठवल्याशिवाय पैसे घेत नाही. या बाईंनाही पाठवला होता, त्यांचं "हाच रंग हवा" चॅटमध्ये आहे. आणि मी परत घ्यायला नाही म्हटलंच नव्हतं. साडी द्या आणि पैसे घ्या, एवढंच म्हणणं आहे.

टी_प्लस_वन

ऐरोलीत एका पेमेंट कंपनीच्या डिस्प्यूट टीममध्ये आहे. कंपनी कुठली ते विचारू नका.

जरीकाठ, आधी तुमचं उत्तर कोण वाचणार ते लक्षात घ्या. गेटवे निकाल देत नाही. ग्राहकाची बँक तक्रार नोंदवते, ती व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेच्या मार्फत आमच्या बाजूच्या बँकेकडे येते, तिथून गेटवेकडे, मग तुमच्याकडे. तुमचं उत्तर त्याच वाटेने उलटं जातं आणि ग्राहकाच्या बँकेतल्या कुणाच्या तरी टेबलावर पडतं. त्याच्यापुढे फायलींचा ढीग असतो. विणकराचं पोट, तुमची मेहनत, बाईंचा स्वभाव, यातलं त्याला काहीही नको असतं. त्याला कारणाचा कोड आणि त्या कोडाला लागू पडणारा कागद हवा असतो.

ईमेलमध्ये तो कोड दिलेला असेल. वर्णनाप्रमाणे नाही म्हणजे व्हिसावर १३.३, मास्टरकार्डवर बहुधा ४८५३. वस्तू मिळालीच नाही ते १३.१. कार्ड मी वापरलंच नाही ते १०.४. विक्रेते काय करतात, तर १३.३ ला भाराभर डिलिव्हरीच्या पावत्या जोडतात. अहो, ती वस्तू मिळाली नाही असं म्हणतच नाहीये! मग "पुरावा लागू नाही" म्हणून हरतात आणि गेटवेला शिव्या घालतात.

ओटीपीचं पण असंच. आपल्याकडे २००९ पासून ऑनलाइन कार्डाला जास्तीची ओळखतपासणी सक्तीची आहे. त्यामुळे "मी व्यवहार केलाच नाही" या प्रकारात ओटीपी झालेला असेल तर जबाबदारी सहसा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाते, विक्रेता वाचतो. पण मालाबद्दलच्या तक्रारीत ओटीपीचा उपयोग शून्य. तिने पैसे स्वतःच भरले हे तिलाही मान्यच आहे.

आता तुमच्या फायद्याचं. १३.३ मध्ये ग्राहकाने वस्तू परत केली किंवा परत करायचा प्रयत्न केला हे त्याच्या बँकेला दाखवावं लागतं. साडीही कपाटात आणि पैसेही खात्यात, असं नियमात बसत नाही. "पिकअप मी करते" हा तुमचा तारखेचा मेसेज आहे ना, तोच हुकमाचा एक्का. पहिल्या पानावर तो. मग व्हिडिओला दिलेला होकार. मग "खूप सुंदर आहे". मग साखरपुड्याचा फोटो, तारीख दिसेल असा. मग बिल आणि परतीची अट, चेकआउटच्या पानावर दिसते तशी. सगळं मिळून पाच-सहा पानं, वर अर्ध्या पानाचं टिपण. मराठी चॅटखाली इंग्रजीत दोन-दोन ओळी लिहा, वाचणारा मराठी असेलच असं नाही.

आणि मुदत पाळा. सगळं बरोबर असूनही मुदत गेली म्हणून हरलेले रोज बघतो.

घणसोलीकर

वाचनखूण साठवली. एवढं नीट आमच्या गेटवेच्या हेल्पडेस्कने आजवर सांगितलं नव्हतं.

काळा_कोट

ठाणे कोर्टात वकिली करते. तीन गोष्टी.

पोलिसांत जायचं का? फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेतलं ३१८(४), पूर्वीचं ४२०. पण त्यात सुरुवातीपासून फसवायचा इरादा होता हे दाखवावं लागतं. "सुंदर आहे" म्हणून नंतर मन फिरलेल्या बाईविरुद्ध ते अवघड. ठाणे अंमलदार "दिवाणी बाब आहे" म्हणतील आणि या प्रकरणात फार चुकीचं म्हणणार नाहीत. आधी चार्जबॅक लढवा, नाहीच जमलं तर नोटीस.

निर्मळ_ग्राहक यांचा मुद्दा बरोबर आहे, उलट थोडा वाढवते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४७) मध्ये सदोष माल बिलावरच्या मुदतीत परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, आणि बिलावर मुदतच नसेल तर ३० दिवस. त्यामुळे "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" हा शिक्का सदोष मालाला लागू पडत नाही. मन बदललं म्हणून परत, हा वेगळा विषय. तिथे तुमची अट चालते, फक्त ती आधी सांगितलेली हवी.

आणि तो साखरपुड्याचा फोटो पुरावा म्हणून बँकेला द्या. "बघा या चोर बाई" म्हणून स्वतःच्या पेजवर टाकू नका. मानहानीचं कलम (३५६) तुमच्यावर फिरेल.

हापूसवाला_वाशी

आमच्या धंद्यात तर माल परत मागायची सोयच नाही. परत येईपर्यंत त्याचा मुरांबा.

देवगडहून पेट्या येतात, वाशी, नेरुळ, घोडबंदरच्या सोसायट्यांमध्ये व्हॉट्सॅपवर ऑर्डरी. हापूसमध्ये साका नावाचा प्रकार असतो. बाहेरून फळ सोन्यासारखं आणि कापलं की कोयीजवळ पांढरट, स्पंजासारखं. हे मलाही वरून कळत नाही, बागायतदारालाही नाही. त्यामुळे साक्याची तक्रार आली की मी भांडत नाही, बदली फळ देतो. पण हे कळल्यावर काही हुशार मंडळी दर पेटीला "चार निघाले हो खराब" म्हणू लागली. एका हंगामात तर हद्द झाली. सीवूड्सहून साक्याचा फोटो आला आणि त्याच संध्याकाळी हिरानंदानी इस्टेटमधून तोच फोटो. तीच सुरी, तीच ताटली, ताटलीचा टवकाही तोच!

तेव्हापासून पेटीत रोज वेगळ्या रंगाची नंबरवाली चिठ्ठी असते. कापलेलं फळ आणि चिठ्ठी एका फोटोत, पिकल्याच्या दिवशीच, तर बदली. देवगडच्या उत्पादक संस्थेने २०२५ च्या हंगामापासून फळावर कोडचं स्टिकर आणलंय ते कर्नाटकी आंबा देवगडच्या नावाने खपू नये म्हणून, पण मला तक्रारी तपासायलाही उपयोगी पडतं.

जरीकाठ, तुमच्या साडीलाही असं काहीतरी हवं. नेसल्याशिवाय निघणार नाही असं.

उकडीचा_मोदक

अवांतर: त्या बदली फळाची वर्गणी कुठे भरायची?

पदराआड

हापूसवाले म्हणतात ते बरोबर. मी पदराच्या बाहेरच्या बाजूला, दिसेल अशा ठिकाणी प्लॅस्टिकचं सील-टॅग लावते. कापलं की परत जोडता येत नाही. टॅग लावून मिरवता येत नाही. "टॅग शाबूत तर सात दिवसांत परत, फॉल-पिको केलं तर परत नाही", हे बिलावर, पेजवर आणि पार्सलमधल्या कार्डावर. आधी मला वाटायचं गिऱ्हाईक दुखावेल. एकीनेही नाव ठेवलं नाही. आणि हो, गणपतीचं मखर विकणाऱ्या माझ्या जावेला सांगा कुणीतरी काय करायचं ते. अनंत चतुर्दशी झाली की "साइज जमली नाही" म्हणून मखर परत, फुलांना अजून धुपाचा वास.

चकली_भाजणी

पाचपाखाडीतून फराळ पाठवतो, अमेरिका आणि दुबईला. तिकडची कार्डं बऱ्याचदा ओटीपीशिवाय चालतात. त्यामुळे टी_प्लस_वन म्हणतात ते कवच तिथे नाही, "कार्ड मी वापरलंच नाही" आलं की भार आमच्यावर.

पण सगळेच लबाड नसतात हे मलाही मान्य. २०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेच्या कस्टमचे नियम बदलले, टपालखात्याने तिकडची बरीचशी पार्सलं थांबवली आणि १५ ऑक्टोबरपासून पुन्हा घेतली. दिवाळी २० तारखेच्या आसपास! ज्यांची पार्सलं भाऊबीजेनंतर पोचली त्यांनी बँकेकडे तक्रारी केल्या. त्यांचं काय चुकलं? मी त्या लढवल्या नाहीत. एका गृहस्थांनी मात्र पार्सल घेतलं, सही केली, वर "अनारसे जरा कडक" असा अभिप्राय पाठवला आणि मग "मिळालंच नाही". तो लढवला. अनारशांचा अभिप्राय जोडला, जिंकलो. अनारसे खरंच कडक झाले होते म्हणा.

ट्रान्सहार्बर

"अनारसे कडक" पुरावा क्र. १!!

मला वाटतं आपण सगळ्यांनी मिळून एक यादी करावी. ठाणे, नवी मुंबई, पनवेलमधले असे ग्राहक, नाव आणि नंबर. ऑर्डर आली की यादीत बघायचं. सुरुवात मी करतो: [मजकूर काढला]

संपादक

वरच्या प्रतिसादातलं नाव, फोन नंबर आणि सोसायटीचा उल्लेख काढला आहे. कृपया व्यक्तींची माहिती देऊ नये. आयडी बंद करायची वेळ आणू नका.

ट्रान्सहार्बर

वा. ठगाची अब्रू जपायची आणि आमचं भाडं गेलं ते गेलं.

काळा_कोट

ट्रान्सहार्बर, राग समजू शकते. पण त्या यादीत एकदा नाव गेलं की ते काढणार कोण? ज्याचं पार्सल डिलिव्हरीवाल्याने जिना न चढता परत पाठवलं त्याचंही नाव तुम्ही टाकाल, कारण तुमच्या स्क्रीनवर "ग्राहकाने नाकारलं" एवढंच दिसतं. हे तुम्हीच वर लिहिलंय. मानहानी आहेच, शिवाय ऑर्डरसाठी घेतलेला नंबर असा वाटत सुटणं २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या हेतूच्याच विरुद्ध आहे. स्वतःच्या वहीत खूण करा, त्या पिनकोडला सीओडी बंद करा, आगाऊ पैसे मागा. गावभर पाटी लावू नका.

भिवंडी_गोदाम

मानकोलीच्या एका गोदामात रिटर्न विभाग बघतो. ट्रान्सहार्बर भाऊंचा राग रास्त आहे, पण चोर प्रत्येक वेळी गिऱ्हाईकच असतं असं नाही. बूट मागवून फाटके बूट परत करणारे आहेत, मिक्सरच्या खोक्यात फरशीचा तुकडा घालणारे आहेत. पण वाटेत पिशवी कापून माल काढणारेही आहेत. कळतं कसं? वजनावरून. जातानाचं वजन आणि गिऱ्हाइकाकडून उचलतानाचं वजन सारखं, आणि तुमच्याकडे पोचलं तेव्हा हलकं, तर माल वाटेत गेला. विक्रेत्याने ही तिन्ही वजनं मागून घ्यायची असतात, कुणी मागतच नाही.

रिटर्न घेताना ओटीपी सांगायच्या आधी पिशवी सगळ्या बाजूंनी कॅमेऱ्यात घ्या, लेबल दिसू द्या आणि न थांबवता एकाच शॉटमध्ये उघडा. व्हिडिओ मध्ये कापलेला असला की दावा फेटाळायला निमित्त मिळतं. फाटलेली पिशवी असेल तर तसं लिहूनच सही करा.

घणसोलीकर

कार्डवाल्यांनो, तुम्ही सुखी आहात. तुम्हाला निदान उत्तर द्यायची खिडकी मिळते. यूपीआयची माझी कथा ऐका.

जुने मोबाइल नीट करून विकतो. एकाने फोन पसंत केला, पैसे यूपीआयने आले. स्क्रीनशॉटवर मी विश्वास ठेवतच नाही (पैसे भरल्याचं खोटं दाखवणारी ॲप आहेत, साउंडबॉक्स बोलला किंवा बँकेच्या खात्यात दिसलं तरच खरं). खात्यात दिसले, म्हणून फोन दिला. नंतर एका सकाळी तेवढी रक्कम बँकेने अडकवून ठेवलेली. का, तर ते पैसे परराज्यातल्या कुणाची तरी फसवणूक करून आलेले होते. त्या माणसाने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पैशाचा माग काढत काढत पोलीस माझ्या खात्यापर्यंत आले. ठगाने दुसऱ्याच्या पैशाने माझा फोन नेला आणि आता तो फसलेला माणूस आणि मी, दोघं एकाच रकमेकडे बघतोय.

बँक म्हणाली तिकडच्या सायबर ठाण्याशी बोला. बिल, आयएमईआय नंबर, फोन नेला त्या वेळचं चॅट, दुकानाचा सीसीटीव्ही, सगळं ईमेलने पाठवलं. पाठपुरावा करून करून कंटाळलो, शेवटी सुटले. तेव्हापासून धंद्याचं चालू खातं वेगळं, घरखर्चाचं वेगळं. आणि महाग वस्तू असेल तर पैसे पाठवणाऱ्याचं नाव आणि घेणाऱ्याचं नाव एकच पाहिजे. "मित्राने पाठवलेत" म्हटलं की मी पैसे आले तिकडेच परत करतो, फोन देत नाही.

वीस_वर्षे_रोमात

इतकी वर्षं फक्त वाचते, आज लिहिते. खारघरचा जुना सोफा विकायला ऑनलाइन टाकला होता. अर्ध्या तासात फोन, "मैं आर्मी में हूँ, पेमेंट अभी करता हूँ, क्यूआर स्कॅन करो." मी म्हटलं पैसे घ्यायला पिन लागत नाही हो. तर मलाच देशभक्तीवर ऐकवलं. सोफा शेवटी कामवाल्या मावशींना दिला, त्या खूश, मी खूश.

उकडीचा_मोदक

वीस वर्षं रोमात राहून पहिला प्रतिसाद सोफ्यावर. स्वागत आहे, बसा.

जरीकाठ

टी_प्लस_वन, तातडीचं आहे म्हणून विचारते. तुम्ही सांगितलं तशी फाइल गेटवेवर चढवली. आज अचानक त्या बाईंचा फोन. आवाजात एकदम मध. "अहो गैरसमज झाला, तुम्ही मला अर्धेच पैसे जी-पे करा, मी बँकेतली तक्रार मागे घेते." घरचे म्हणतात देऊन टाक, निम्मे तर वाचतील. काय करू?

टी_प्लस_वन

अजिबात करू नका! रोज बघतो हा प्रकार. तुम्ही बाहेरून पैसे पाठवता, तक्रार मागे घेतली जात नाही, बँक तिच्या बाजूने निकाल देते आणि तुमचं दीडपट जातं. बाहेरून दिलेले पैसे कार्डाच्या व्यवहारात आपोआप धरले जात नाहीत.

खरंच मिटवायचं असेल तर त्यांनी आधी बँकेला लेखी कळवावं आणि त्याची प्रत तुम्हाला द्यावी. आणि हा फोनवरचा प्रस्ताव मेसेजवर मागवा: "तुमचं म्हणणं लिहून पाठवा, विचार करते." लिहून आलं तर तेही फाइलला जोडा, मुदत अजून आहे. ज्याला साडी खराब वाटते तो अर्ध्या पैशात ती ठेवून घेत नाही.

निर्मळ_ग्राहक

इथे मात्र माझी सहानुभूती संपली. मी पैसे मिळाल्यावर माझी ती साडी कुरिअरने परत पाठवली होती, स्वतःच्या खर्चाने.

पदराआड

निर्मळ ताई, तुमच्यासारखं एक गिऱ्हाईक शंभर सील-टॅगांच्या बरोबरीचं.

ट्रान्सहार्बर

यादीबद्दल वर जरा जास्तच बोललो. पण भिवंडीकरांचं वजनाचं प्रकरण कामाचं निघालं. माझ्या कुरिअरकडे जुन्या रिटर्नची वजनं मागितली, त्यांनी आधी टाळाटाळ केली, मग दिली. एकाच मार्गावरची बरीच पार्सलं वाटेत हलकी झालेली. आता भांडण गिऱ्हाइकाशी नाही, कुरिअरशी चालू आहे. हा नवा धागा काढेन कधीतरी.

उकडीचा_मोदक

धागा वर काढतोय. जरीकाठ ताई, निकाल काय लागला? पॉपकॉर्न मऊ पडले.

जरीकाठ

उशीर झाला सांगायला, लग्नसराई होती.

बाईंनी तो प्रस्ताव मेसेजवर लिहून दिला! "५०% पाठवा, साडी माझ्याकडे राहू दे" असा. तो जोडला. पुढे बरेच दिवस काहीच नाही, आणि मग गेटवेचा ईमेल आला की ग्राहकाच्या बँकेने आमचं उत्तर मान्य केलं. २१,५०० पुढच्या सेटलमेंटला जमा झाले. चार्जबॅकचं शुल्क मात्र परत देत नाहीत म्हणे, जिंकलं तरी. हे कुठलं गणित?

बाईंनी इन्स्टावरचा टॅग काढलाय. फोटो तसेच आहेत, साडी छान दिसतेय.

टी_प्लस_वन

अभिनंदन! शुल्काचं प्रत्येक गेटवेचं वेगळं असतं, तुमच्या करारात बघा. ते परत मिळालं नाही तरी त्यावर जीएसटी लावलेला असेल, तुमची नोंदणी असेल तर गेटवेच्या बिलावरून त्याचं क्रेडिट घ्या. बरेच जण ते बिल उतरवूनही घेत नाहीत. आणि अजून एक, त्यांची बँक अजून एक पायरी वर जाऊ शकते, पण तिथून पुढे लवादाचं शुल्क शेकडो डॉलरमध्ये असतं, एवढ्या रकमेसाठी सहसा कुणी जात नाही. तरी फाइल जपून ठेवा.

निर्मळ_ग्राहक

अभिनंदन, जरीकाठ. मुलीच्या बारशासाठी एक पैठणी हवी आहे, हिरवी, जमलं तर मुनिया काठ. रंगाचा व्हिडिओ पाठवाल ना? आणि नाही आवडली तर?

जरीकाठ

नक्की पाठवते, सकाळच्या उन्हातला. टॅग शाबूत असेपर्यंत सात दिवस, फॉल-पिको केलंत की तुमची. व्यक्तिगत निरोप करते.

ट्रान्सहार्बर

सीओडी आहे का?

जरीकाठ

नाही.